भगीरथाकडे बघायला सवड कुणाला?

'एकच प्याला' म्हटले की सिंधू आठवते, सुधाकर आठवतो. तळीराम तर न बोलावता येऊन बसतो. भगीरथ मात्र कुणाच्या लक्षात नसतो. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि पुढल्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला हे नाटक रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची सिंधू नि गणपतराव बोडसांचा सुधाकर समोर असताना भगीरथाकडे बघायला सवड कुणाला!

पण या नाटकात दारू कायमची सुटते ती या एकाच माणसाची. प्रेमात निराश झालेला हा तरुण आर्यमदिरामंडळात येऊन बसतो. रामलाल त्याला स्वतःपलीकडचे दुःख दाखवतो आणि हा पेला खाली ठेवतो. वाचताना हे फारच झटपट वाटते.

नांदेडला आमच्या वर्गात लातूरकडची एक मुलगी होती. तास संपल्यावर टेबलाशी आली नि म्हणाली, "सर, भगीरथाची सुटते, मग सुधाकरची का नाही?" प्रश्न परीक्षेसाठी नव्हता, हे तिच्या आवाजावरूनच कळले. सुधाकर नोकरी मागत हिंडतो तो भाग मी तिला पुन्हा वाचायला सांगितला.

कारण सुधाकरही एकदा दारू सोडतोच की! शुद्धीवर येऊन काम मागायला निघतो, आणि प्रतिष्ठित मंडळी त्याला झिडकारतात. मग पुन्हा प्याला. भगीरथाला रामलालने नुसता उपदेश केला नाही. आपल्या माणसांत घेतले. (उपदेश लांबलचक आहे, ते सोडा.)

पुढे बालविधवा शरद आणि भगीरथ यांची मने जुळतात, आणि खुद्द रामलालच शरदच्या मोहात पडतो. ज्याने सावरले त्याचाच तोल जातो! भगीरथापुढे पुन्हा तीच निराशा उभी राहते, जिने त्याला दारूकडे नेले होते. पहिला भगीरथ असता तर त्याचे पाय मंडळाकडे वळले असते. ते वळत नाहीत. माणूस बदलला तो इथे; पेला खाली ठेवला तेव्हा नुसती सुरुवात झाली होती.

प्रयोग आटोपशीर करायचा म्हणून कात्री चालवणाऱ्यांना पहिले हेच उपकथानक सापडते. मग रंगमंचावर उरतात सुधाकर आणि तळीराम, आणि प्रेक्षागृहातली एखादी मुलगी तेवढेच पाहून घरी जाते.