पनीर म्हणजे जैन जेवण नव्हे



पावसाळा सरत आला की यात्रांच्या जाहिराती यायला लागतात. शिखरजी, गिरनार, श्रवणबेळगोळ, कुठलाही कागद घ्या, खाली ठळक अक्षरांत 'शुद्ध जैन भोजन' छापलेलं असतंच. आपण तेवढं वाचतो, समाधान पावतो आणि पैसे भरतो. मी बी. कॉम. झालेली बाई. ज्या ओळीसाठी पैसे मोजायचे त्या ओळीत नेमकं काय धरलंय, हे विचारायची मला खोड आहे. म्हणून आज तेच विचारते.

माझ्या अनुभवात या ओळीचा अर्थ एवढाच निघाला: कांदा, लसूण, बटाटा नाही. बाकी पनीरची तांबडी भाजी, दाल फ्राय, मैद्याची रोटी, गुलाबजाम. आणि हे सगळं रात्री साडेनऊला! पीठ कधी दळलं, पाणी गाळलं का, दही-बेसन एकत्र आलंय का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "काकू, सगळं जैनच आहे."

एका सहलीत बस हॉटेलवर पोचली तेव्हा दिवस मावळून दोन तास झाले होते. रात्रिभोजनाचा त्याग असलेल्या आम्ही पाचजणी होतो. त्यातल्या एक अक्का सत्तरीच्या, मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या. त्या तशाच झोपल्या, पहाटे त्यांना दरदरून घाम फुटला. व्यवस्थापकाला जाब विचारला तर म्हणतो, "पण पनीर जैनच केलं होतं ना?" त्या मुलावर मी फार रागावले नाही. त्याला जैन जेवणाची ही व्याख्या शिकवली कुणी? आपणच. ताटात काय आहे एवढंच आपण विचारत आलो, ताट केव्हा येणार हे विचारलंच नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये शिखरजी पर्यटनस्थळ होऊ नये म्हणून आपला समाज देशभर रस्त्यावर उतरला. आपल्यातल्याही किती जणी मोर्चात चालल्या. ५ जानेवारी २०२३ ला केंद्र सरकारनं तिथल्या पर्यटनाच्या तरतुदींना स्थगिती दिली. आपण पेढे वाटले. आता मला सांगा, त्याच डोंगराच्या पायथ्याशी, मधुबनात, आपलीच मंडळी रात्री नऊला जेवायला बसत असतील, तर तीर्थ आणि पर्यटन यात फरक कुणी ठेवायचा? सरकारनं?

आपल्या आज्यांकडे प्रवासाचं जेवण नव्हतं असं नाही. उलट प्रवासाचं शास्त्रच होतं. दशमी घ्या. पीठ पाण्यात न भिजवता दुधात भिजवायचं, गोड हवी तर त्या दुधात गूळ विरघळवायचा. पाणी नाही म्हणून ती दुसऱ्या दिवशीही मऊ राहते आणि सहसा आंबत नाही. पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७ दिवस, उन्हाळ्यात ५, पावसाळ्यात ३ ही आपल्या घरात लहान पोरीलाही पाठ असायची. पाणी न घालता केलेले बेसनाचे, रव्याचे लाडू पिठाच्याच मर्यादेत चालतात, म्हणून लांबच्या यात्रेला लाडूंचा डबा ठरलेला. शेंगाची पोळी, तिखटमिठाच्या पुऱ्या, कारळ्याची चटणी, लसूण न घालता केलेलं भडंग. (शेंग जमिनीत येते म्हणून हल्ली काही मुली विचारतात. ते कंद नाही, बी आहे, वाळवलेलं. लोणच्यावर मात्र मी आज बोलणार नाही, त्यावरून आमच्या घरातच दोन तट आहेत.) कोल्हापूरहून धनबादच्या गाडीत दोन दिवस काढायचे असतील तर यातलं प्रत्येक पान कामाचं आहे. उकळलेलं पाणी २४ तास चालतं, तेवढ्यावर निम्मा प्रवास होतो.

पण हा डबा आता लाजेचा झालाय. गाडीत दशमी काढली की सुना खिडकीबाहेर बघतात. शेजारच्या सीटवर गुजराती बहिणी ठेपले काढतात तेव्हा सगळे कौतुकानं हात पुढे करतात, ठेपला आता जगभर फिरतो. आपली ज्वारीची दशमी तेवढी गावंढळ!

माझ्या मैत्रिणी मला एक गोष्ट सुनावतात, आणि ती खरी आहे. "वर्षभर चुलीपुढंच असतो, यात्रेला तरी सुट्टी नको का? निघायच्या आदल्या रात्री बारापर्यंत पुऱ्या तळायच्या, आणि घरातली पुरुषमंडळी बॅग भरून झोपलेली." बरोबर आहे. त्या बाईनं एकटीनं रात्र जागवावी असं मी कधीच म्हणणार नाही. आठ घरांनी एकेक पदार्थ वाटून घेतला तर कुणालाच दोन तासांच्या वर लागत नाही. आणि लाडू वळायला पुरुषांच्या हातांना काही झालेलं नाही. पण सुट्टी हवी म्हणून साडेनऊचं पनीर गोड मानायचं, हा कुठला हिशेब? सुट्टी स्वयंपाकाला असते, नियमाला नव्हे.

शिवाय सुट्टीची खरी सोय तीर्थावरच आहे आणि आपण तिकडे नाक मुरडतो. श्रवणबेळगोळला सहाशेच्या वर पायऱ्या चढून बाहुबलींचं दर्शन घ्यायचं, ती मूर्ती हजार वर्षांपूर्वीची, ५७ फुटांची म्हणून डोळे भरून बघायचं, आणि खाली उतरल्यावर विचारायचं, "चपाती नाही का? रोज भातच?" अहो, इथले जैन इतकी शतकं भात, सारू, नारळ घातलेली भाजी असंच जेवत आले. मूडबिद्री, कारकळ, तिकडे तमिळनाडूत मेलसित्तामूरच्या आसपासचे नयनार जैन, यांनी आपापल्या मातीतल्या धान्याभाज्यांतून आपलं जेवण बसवलं, तेही दिवसाउजेडी आटोपणारं. बटाटा तर पोर्तुगीजांबरोबर आला, त्याआधी कुणाचं काही अडलं नव्हतं. त्यांच्या पंगतीत बसून चार वाट्यांची चव घेतली, वाढणाऱ्या बाईला "हे कसं केलंत" म्हणून विचारलं, तर ते दर्शनाइतकंच लक्षात राहतं. सारूची कृती मी अशीच एका भोजनालयात उभ्याउभ्या शिकले, भाषा येत नसताना, बोटांच्या खुणांनी. आज माझा नातू वरणाऐवजी तेच मागतो.

आणि आपण काय करतो? सहल कंपनीचा आचारी सोबत नेतो, कर्नाटकात जाऊन पंजाबी भाजी खातो, वर त्याचे जादा पैसे देतो.

तेव्हा या वर्षी पैसे भरण्याआधी विचारा. संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताआधी देणार का, आणि बसला उशीर झाला तर काय करणार? पाणी कोण गाळणार? क्षेत्रावरच्या भोजनालयात जेवायची सोय ठेवलीय की हॉटेलच? तोंडी उत्तर घेऊ नका, पावतीवर लिहून मागा. लिहून देत नसतील तर आगाऊ रक्कम देऊ नका. एकटीनं विचारलं तर "काकू जरा जास्तच करतात" म्हणतील, चाळीस जणींनी विचारलं तर वेळापत्रक बदलेल.

आमच्या मंडळाची कार्तिकातली यात्रा ठरतेय. दशम्या माझ्याकडे लागल्या आहेत. भडंग आणि लाडू अजून कुणी घेतलेले नाहीत.