राजाची स्वारी आणि गावाच्या खाटा

राजाची स्वारी यावयाची असली म्हणजे गावाने काय काय सिद्ध ठेवावे, हा प्रश्न आमच्या वाशीमला नवा नाही. सोळाशे वर्षांपूर्वी हे नगर वत्सगुल्म या नावाने वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते. त्या शाखेतील दुसऱ्या विंध्यशक्ती राजाने आपल्या कारकिर्दीच्या ३७ व्या वर्षी येथूनच एक दानपत्र दिले. त्याचे ताम्रपट १९३९ साली वाशीम येथे उजेडात आले आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी प्रभृती विद्वानांनी त्यांचे वाचन प्रसिद्ध केले. आपल्या शाळेतील किती विद्यार्थ्यांस ही वार्ता ठाऊक आहे, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस होत नाही.

नांदेड भागातील एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांस दिल्याचे या ताम्रपटांत सांगितले आहे. परंतु आमचे लक्ष वेधले ते दानाने नव्हे, तर दानासोबतच्या माफ्यांच्या यादीने. या गावात शिपायांनी शिरू नये. गावाने पाळीपाळीने गाईबैल देऊ नयेत. फुले व दूध घेतले जाऊ नये. कातडी व कोळसा मागितला जाऊ नये. खाटाही पुरवाव्या लागू नयेत!

जे माफ करावे लागते ते एरवी वसूल होत असले पाहिजे, हे उघड आहे. म्हणजे राजा किंवा त्याचा अधिकारी फिरतीवर निघाला की गावोगाव हीच तयारी चाले. कोणाच्या तरी म्हाताऱ्या आईची खाट तळावर जाई. ऐन पेरणीच्या दिवसांत बैल सरकारी गाड्यांना जुंपले जात. लेकराच्या तोंडचे दूध स्वारीच्या मुदपाकखान्यात पोचे. राजाने ही पीडा ओळखली, याबद्दल त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण माफी मिळाली ती एका गावाला. शेजारच्या गावांनी तेथल्या वाट्याच्या खाटाही दिल्या असतील काय, असा प्रश्न आमच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

पुढे काळ पालटला व स्वाऱ्या आगगाडीने होऊ लागल्या. दिल्ली दरबारानंतर पंचम जॉर्ज बादशहा कलकत्त्याहून मुंबईस परतताना जानेवारी १९१२ मध्ये नागपुरास उतरले व सीताबर्डीच्या किल्ल्यावरून त्यांनी लोकांस दर्शन दिले. तेथून त्यांची गाडी वऱ्हाडातून पुढे गेली. वाशीम त्या मार्गावर नव्हते. आमच्या मते ते या गावाचे भाग्यच म्हणावयाचे. १९५० साली अंमलात आलेल्या राज्यघटनेने २३ व्या कलमान्वये वेठबिगारीस मनाई केली. ताम्रपटाने जे एका गावास दिले, ते घटनेने साऱ्या देशास दिले.

तथापि वेठ खरोखर गेली काय? आता राजे नाहीत, पण स्वाऱ्या आहेत. काही वर्षांपूर्वी एका गावी थोर पाहुणे यावयाचे होते. रस्त्याकडील तेवढ्याच भिंतींना चुना लागला. मागील भिंती तशाच राहिल्या. सकाळपासून शाळेची मुले हातांत फुले घेऊन उन्हात उभी होती. दुपार टळल्यावर मोटारी आल्या आणि धूळ उडवीत निघून गेल्या. एक लहान मुलगी भोवळ येऊन खाली बसली होती. तिची फुले तोवर सुकलीही होती. सोळाशे वर्षांपूर्वीच्या त्या यादीत फुलांचा उल्लेख आहे, याची आम्हांस त्या वेळी आठवण झाली.

कोणी म्हणेल, अतिथीचा सत्कार हा आपला धर्म आहे. आम्हांसही तो मान्य आहे. पण यजमान आपल्या घरातली खाट देतो. येथे हुकूम एकाचा आणि खाट दुसऱ्याची, असा प्रकार होतो. मुलांचे तास बुडवून, त्यांना उन्हात उभे करून केलेले स्वागत कोणाच्या पदरचे? त्यापेक्षा पाहुण्यांनी वर्गात यावे, मुलांचे वाचन ऐकावे आणि गळके छप्पर दिसले तर तेही पाहावे. शिक्षकांनी व पालकांनी असे स्पष्ट सांगण्याची वेळ आली आहे, आणि आमच्या शाळेने ते प्रथम सांगावे, अशी आमची इच्छा आहे.

न्यायासाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या गावच्या ओढ्याजवळील मोठा खड्डा स्वारीनिमित्त एका रात्रीत बुजविण्यात आला. तो अजून बुजलेलाच आहे, आणि बैलगाड्या तेथून सुखाने जातात.