रस्त्याच्या पोटात काय?

मुंबईतील सुमारे ४०० किलोमीटर रस्ते काँक्रीटचे करण्याच्या कामाचे भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाले. खर्च सहा हजार कोटींच्या घरातला. मार्च २०२२ पासून महापालिकेचा कारभार प्रशासकाकडे असल्याने सभागृहात प्रश्न विचारावयास एकही निर्वाचित सदस्य नव्हता.

विचारावयाचा पहिला प्रश्न जमिनीखालचा होता. रस्त्याच्या पोटात जलवाहिन्या, मलवाहिन्या, वीज, दूरध्वनी व गॅस यांचे जाळे असते. डांबर उकरून पुन्हा थापता येते. काँक्रीट एकदा फोडले की सांधा कच्चाच राहतो. म्हणून जुन्या वाहिन्या आधी बदलणे आणि पुढे येणाऱ्या केबलींसाठी रिकामे नळ टाकून ठेवणे, हेच खरे नियोजन. पण खोदणारे प्रत्येक खाते आपला खर्च तेवढा मोजते. अडकलेली बस, बुडालेली रोजी, धुळीने भरलेली छाती कोणाच्याच अंदाजपत्रकात येत नाही.

आणि फेरीवाला? २०१४ च्या कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा त्याच्या निर्वाचित प्रतिनिधींच्या आहेत. काम चालू असता त्याने कोठे बसावे, हे कंत्राटदाराने ठरवावयाचे नाही. खोदाईपूर्वी प्रत्येक रस्त्याचा भूमिगत नकाशा व वेळापत्रक प्रभाग कचेरीत लावावे, अशी लेखी मागणी आपल्या शाखांनी करावी.