बिनपत्त्याची बालके

मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न जेव्हा जेव्हा सार्वजनिक चर्चेत येतो, तेव्हा तो बहुधा अतिक्रमणाचा प्रश्न म्हणून येतो. पादचाऱ्यांची गैरसोय, शहराची स्वच्छता, महापालिकेची कारवाई आणि न्यायालयाची स्थगिती, एवढ्याच परिघात ही चर्चा फिरत राहते. त्या परिघात एका घटकाला कोठेच स्थान मिळत नाही. तो घटक म्हणजे सहा वर्षांखालील मूल. ते अर्ज करीत नाही, मोर्चा काढीत नाही आणि मतदानही करीत नाही. त्याच्या पोषणाची व संगोपनाची जबाबदारी शासनाच्या एका खात्याकडे रीतसर सोपविलेली आहे. परंतु त्या खात्याच्या दृष्टीस ते क्वचितच पडते.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार व्यक्ती बेघर म्हणून नोंदल्या गेल्या. त्यांपैकी दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रात होत्या आणि सुमारे ५७ हजार मुंबईत. ही मोजणी एका रात्रीची, छपराविना झोपलेल्यांची. ज्यांनी भिंतीला टेकवून ताडपत्रीचा आडोसा उभा केला होता, त्यांतील कितीजण त्या संख्येत आले असतील, याविषयी शंका घेण्यास पुष्कळ जागा आहे. तथापि हाच आकडा ग्राह्य धरला तरी प्रश्नाचे गांभीर्य कमी होत नाही.

१९८१ साली तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी पदपथवासीयांना हटविण्याची घोषणा केली. त्यातून ‘ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महापालिका’ हा खटला उभा राहिला. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी दिलेल्या निकालात, उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे तत्त्व प्रस्थापित केले. पावसाळा संपल्यावर झोपड्या हटविण्यास मात्र त्याच निकालाने मुभा दिली. या निकालावर गेल्या चार दशकांत विपुल लेखन झाले आहे. पण त्यातील एका प्रश्नाकडे फारसे लक्ष गेले नाही. पदपथावरील स्त्रीची उपजीविका चालावयाची, तर ती कामावर असताना तिचे तान्हे मूल कोठे राहावयाचे? ज्या स्त्रीला मूल ठेवण्यास जागा नाही, तिच्या बाबतीत उपजीविकेचा हक्क कागदावरच राहतो.

पाळणाघराचा विचार आपल्या कायद्यांनी केलाच नाही, असे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने तीसहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे पाळणाघराची सक्ती केली. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासहून अधिक स्त्री-कामगारांची अट घातली. प्रसूतिलाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर हीच जबाबदारी टाकली. या सर्व तरतुदींचा गाभा एकच होता. पाळणाघर हे मालकाचे कर्तव्य मानले गेले. पण जिला मालकच नाही तिचे काय? कचरा वेचणारी, सिग्नलवर गजरे विकणारी, पहाटे नाक्यावर उभी राहून दिवसाचे काम शोधणारी स्त्री कोणत्याच हजेरीपटावर नसते. कायद्याच्या लेखी तिचे मूल कोणाचेच नसते.

अशा मुलांसाठीच अंगणवाडी आहे, असे उत्तर यावर दिले जाईल. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि आज तिच्या सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. ज्या वस्तीत सहा वर्षांखालील ४० मुले असतील, तेथे मागणी होताच तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी दिला आहे. तथापि, तिची रचना स्थिर वस्ती गृहीत धरून झालेली आहे. ती दिवसातून सुमारे चार तास चालते. मजूर स्त्रीचा दिवस दहा तासांचा असतो. तीन वर्षांखालील बालकांना तेथे शिजविलेले अन्न मिळत नाही; घरी नेण्याचा शिधा मिळतो. ज्या कुटुंबाला घर नाही आणि ज्याची चूल महापालिकेची गाडी केव्हाही उचलून नेते, त्याने हा शिधा कोठे ठेवावा आणि कशावर शिजवावा?

निवाऱ्याची स्थितीही याहून वेगळी नाही. २०१३ साली सुरू झालेल्या शहरी बेघर निवारा योजनेने दर लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक कायम निवारा, असे प्रमाण ठरविले. २०११ च्या गणनेनुसार सुमारे १ कोटी २४ लाख वस्तीच्या मुंबईस या हिशेबाने सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. शहर त्या संख्येच्या जवळपासही पोहोचलेले नाही. शिवाय जेथे पुरुष एका निवाऱ्यात आणि स्त्रिया-मुले दुसऱ्यात, अशी व्यवस्था असते, तेथे कुटुंबे जात नाहीत. आईबापांची ताटातूट करणारे छप्पर त्यांना उघड्या आकाशापेक्षा महाग वाटते. त्यातच २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार, घर व निर्वाहाचे साधन नसलेले मूल ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ ठरते. मूल संस्थेत पाठविणे हा अखेरचा उपाय असावा, असे त्याच कायद्याचे तत्त्व आहे. परंतु सरकारी माणूस मूल घेऊन जाईल, हे भय त्या आईच्या मनातून जात नाही. मदत देणारा आणि हटविणारा यांच्यात तिला भेद दिसत नाही.

याची झळ शाळेपर्यंत पोहोचते. धाकट्या भावंडाला सांभाळणारे कोणी नसल्याने थोरली मुलगी वर्गात गैरहजर राहते, हे महापालिका शाळांतील शिक्षकांना सांगावयास नको. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांचा; पण दोन वर्षांच्या मुलासाठी पाळणाघर नसल्यामुळे दहा वर्षांच्या मुलीचा हक्क बुडतो. घटनेच्या ४५ व्या अनुच्छेदात २००२ च्या दुरुस्तीने सहा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांच्या संगोपनाचा जो निर्देश आला, त्याची किंमत या मुलीच्या हजेरीपटावर वाचता येते.

पदपथावर सोयी दिल्यास अतिक्रमणास उत्तेजन मिळेल, हा आक्षेप नेहमीचा आहे. तो प्रामाणिकपणेही घेतला जातो, म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे. माणसे शहरात येतात ती कामासाठी, आणि पदपथावर राहतात ती त्या कामाच्या जवळ राहण्यासाठी. पाळणाघराच्या लोभाने कोणी गाव सोडीत नाही. शिवाय सोय पदपथावरच करावी, असेही नाही. महापालिकेच्या अनेक मराठी शाळांतील पटसंख्या घसरून वर्गखोल्या रिकाम्या पडल्या आहेत. केंद्राच्या २०२२ पासूनच्या ‘पाळणा’ योजनेत दिवसाला साडेसात तास आणि महिन्याला २६ दिवस चालणाऱ्या पाळणाघरांची तरतूद आहे. रिकाम्या खोल्या आणि ही तरतूद एकत्र आणून, बेघर कुटुंबांच्या वस्त्यांना अग्रक्रम दिला, तर प्रारंभ होऊ शकेल. मात्र हे काम आधीच तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या अंगणवाडी सेविकांच्या माथी मारून चालणार नाही. त्यासाठी स्वतंत्र सेविका आणि स्वतंत्र वेतन हवे.

या दिशेने जाण्यास परदेशी दाखल्यांची गरज नाही. बालवाडीत न येणाऱ्या वस्तीतील मुलांसाठी ताराबाई मोडक यांनी बोर्डीला बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि त्यातून अंगणवाडीची कल्पना साकारली. पुढे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शाळा कुरणात नेली. १९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत राजघाटानजीकच्या बांधकामावर मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर उघडले, तेव्हा त्यांनीही हाच मार्ग धरला. मूल संस्थेपर्यंत येत नसेल, तर संस्थेने मुलापर्यंत जावे, हे सूत्र याच मातीत सिद्ध झालेले आहे.

त्या सूत्रावर उभी राहिलेली अंगणवाडी आज नोंदणीसाठी पत्ता विचारते, हा विपर्यास दूर करण्यास नव्या कायद्याची आवश्यकता नाही. राहण्याच्या पुराव्याची अट प्रवेशाच्या आड येऊ न देणे, निवारा आणि अंगणवाडी यांची जबाबदारी प्रत्येक प्रभागात एकाच अधिकाऱ्याकडे सोपविणे, आणि हटाव कारवाईपूर्वी त्या वस्तीतील बालकांची यादी करून त्यांचे पोषण व लसीकरण खंडित होणार नाही अशी व्यवस्था करणे, ही तीन पावले प्रशासकीय आदेशानेही उचलता येतील. पदपथ मोकळे व्हावेत की नाही, हा वाद चालू राहील. तो मिटेपर्यंत त्या मुलांचे वय थांबून राहणार नाही.