बकरीने काल काय खाल्लं?

गेल्या महिन्यात सातवीतली एक मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी मधल्या सुटीत माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "सर, आमची बकरी मेली."

घरात चुलतभावाचा वलिमा होता. उरलेला भात आणि रोट्या घमेल्यात भरून बकरीपुढे ठेवल्या होत्या. प्रेमानेच ठेवल्या होत्या. रात्रीपर्यंत तिची डावी कूस ढोलासारखी फुगली, रवंथ थांबला, ती दात खाऊ लागली. दादीने ओवा पाजून पाहिला. पहाटे बकरी गेली.

या मुलीच्या अम्मीच्या मोबाइलवर जनावरांच्या डॉक्टरचा एक गेम आहे. त्यातली सगळी कुत्री-मांजरं तिने कधीच बरी करून टाकली आहेत. ती म्हणाली, "सर, गेममध्ये पोट दुखलं की औषधाची बाटली चमकते. ती तोंडाला लावली की प्राणी नाचायला लागतो. आमच्या बकरीजवळ काहीच चमकलं नाही."

तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

असे गेम वाईट आहेत, असं मी म्हणणार नाही. मुलांच्या हातातला मोबाइल म्हणजे सगळ्या बिघाडाचं मूळ, असं म्हणणारे आपल्या मोहल्ल्यात पुष्कळ आहेत. त्यात माझी भर नको. स्वीडनच्या टोका बोका कंपनीचा 'टोका पेट डॉक्टर' लहान मुलांना निदान एवढं तरी शिकवतो की जनावरालाही दुखतं आणि त्याच्यासाठीही डॉक्टर असतो. त्याआधी २००४ साली अमेरिकेच्या लेगसी इंटरॅक्टिव्हने 'झू व्हेट' हा संगणकावरचा गेम काढला होता. त्यात आधी जनावर तपासायचं, मग रोग ओळखायचा आणि नंतर उपचार करायचा. हा क्रम फार मोलाचा आहे. आपण मोठी माणसंसुद्धा आधी गोळी घेतो आणि मग विचार करतो.

पण मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या बहुतेक गेममध्ये हा क्रम गळून पडला आहे. तिथे उरलं आहे ते फक्त चमकणारं बटण. मालकाला काही विचारायचं नाही, घड्याळ चालत नाही आणि कुठलंही जनावर मरत नाही. मुक्या जनावराच्या वैद्यकीत तर अर्धं निदान मालकाला विचारलेल्या प्रश्नांतून होतं. काल काय खाल्लं? रवंथ कधीपासून थांबला? लेंडी कशी पडते? बकरीच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिल्या मोठ्या कप्प्यात सूक्ष्म जीव चारा आंबवतात. अचानक खूप भात, पीठ किंवा धान्य पडलं की तिथे आम्ल वाढतं आणि बकरी काही तासांत जिवाला मुकू शकते. हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर, मलाही नीट माहीत नव्हतं. बी.एड.ला बालमानसशास्त्र शिकलो, पण माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या दारात बकरी बांधलेली असते, याचा अभ्यासक्रमाशी काही संबंध आहे असं मला कोणी सांगितलं नाही.

दुसरी चिंता अधिक गंभीर आहे. गेममधलं आजारी कुत्रं चावत नाही. गल्लीतलं चावतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं. म्हणून ज्या गेममध्ये मूल कुत्र्याच्या तोंडात हात घालतं, त्या गेमने हेही शिकवायला हवं की अनोळखी आजारी कुत्र्याला हात लावू नये; चावलं, ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी आणि लगेच दवाखाना गाठून लस घ्यावी.

मग करायचं काय? माझं मत असं की गेम काढून घेऊ नयेत, आपल्या दारातलं जनावर त्या गेममध्ये आणावं. उस्मानाबादी शेळी, म्हैस, कोंबडी. पाच महिन्यांचा गाभणकाळ, जंताचं औषध, पीपीआरची लस. आणि हे सगळं मराठीत आणि उर्दूतही. शब्दांची आपल्याकडे वाण नाही. उर्दूत जनावरांच्या वैद्याला सलोतरी म्हणत. हा शब्द आला शालिहोत्र या संस्कृत नावावरून. अरबीतला शब्द बैतार. ज्या विद्येची नावं एवढ्या भाषांतून फिरून आली, तिला आपल्या मुलांच्या भाषेत बोलायला अडचण का यावी?

पालकांनाही एक सांगायचं आहे. 'डॉक्टर' म्हटलं की आपल्याला फक्त एमबीबीएस दिसतं. नीटमध्ये थोडे गुण कमी पडले की घरात मातम. पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची असते, त्यात एक वर्ष प्रत्यक्ष कामाचं, आणि आपल्या राज्यात तिचा प्रवेशही नीटवरच होतो. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. मराठवाड्यात परभणी आणि उदगीरला महाविद्यालयं आहेत. ईदच्या आधी बकरा लंगडा नाही ना, आजारी नाही ना, दात आलेत ना, हे आपण बारकाईने पाहतो. ती नजर आपल्या घरात आहेच. तिला विद्येची जोड हवी.

आमच्या शाळेच्या संगणकखोलीत चालू असलेले चार संगणक आहेत. त्यांवर 'स्क्रॅच' हा मोफत प्रोग्राम टाकून मुलांनी गेल्या तीन आठवड्यांत बकरीचा गेम करायला घेतला आहे. थर्मामीटर बकरीला कुठे लावतात हे कळल्यावर वर्ग पाच मिनिटं हसत होता. मग एकाने १०२ फॅरनहाइट म्हणजे ताप, असं ठामपणे सांगितलं. बकरीचं ते नेहमीचंच तापमान असतं, हे कळल्यावर तो चाट पडला आणि स्वतःच्या वहीत लिहून घेतलं.

गेम ओबडधोबड आहे. बकरी कुत्र्यासारखी दिसते. पण त्यात घड्याळ आहे आणि उशीर झाला तर बकरी वाचत नाही. हे मुलांनीच ठरवलं. कूस फुगलेली दिसली की १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा मोफत क्रमांक लावायचा असतो.

पहिला पडदा त्या मुलीने केला आहे. त्यावर औषधाची बाटली नाही. फक्त बकरी उभी आहे आणि खाली दोन भाषांत प्रश्न आहे : काल हिने काय खाल्लं?