दीड हजार येण्याआधीच हप्त्याला ठरलेले. खान्देशातल्या बायांच्या पैशाचा साधा हिशेब

जळगाव / धुळे : २५ ऑगस्ट २०२४ ला जळगावात पंतप्रधानांच्या हजेरीत लखपती दीदी मेळावा झाला. देशातल्या ११ लाख नव्या लखपती दीदींचा सत्कार झाला, बचत गटांसाठी २,५०० कोटींचा फिरता निधी आणि ५,००० कोटींचं बँक कर्ज जाहीर झालं. त्याच महिन्यात लाडकी बहीण योजनेचे जुलै-ऑगस्टचे एकदम ३ हजार खात्यात पडायला लागले. आता बायांच्या हातात पैसा खेळणार, असं सगळेच म्हणत होते.

पैसा आला, यात वाद नाही. पण गावात विचारलं तर उत्तर एकच, "उना नि गया." गेला कुठे? साड्यांत नाही, हॉटेलात तर नाहीच. बराचसा फायनान्सवाल्याच्या हप्त्यात गेला.

आधी लखपती शब्दाचं बघू. बाईच्या खात्यात लाख रुपये पडले, असा त्याचा अर्थ नाही. घराचं वर्षाचं उत्पन्न लाखाच्या वर आणि ते निदान चार हंगाम टिकलेलं, असा सरकारी निकष आहे. म्हणजे महिन्याला साडेआठ-नऊ हजारांत अख्खं घर. एवढ्यात घर चालवणाऱ्या बाईला काटकसर शिकवायला जाणं म्हणजे जरा अतीच. ती आधीच कळण्याच्या भाकरीवर ठेचा खाऊन दिवस काढते. गळती चुलीपाशी नाही, कर्जात आहे.

इथे एका शब्दाने मोठा घोळ केलाय, तो म्हणजे 'गट'. बचत गटही गटच आणि फायनान्स कंपनी पाच-दहा बायांना एकमेकींची हमी घालून कर्ज देते तेही गटच. बाया दोन्हीला "गटाचं लोन" म्हणतात. पण फरक जमीन-अस्मानाचा. बचत गटात बाई दर महिन्याला बचत टाकते, त्यातूनच गट आतल्या आत कर्ज देतो. व्याज शेकडा २ असलं तरी ते गटातच राहतं, म्हणजे फिरून तिचंच. फायनान्सच्या गटात बचत नसते. तिथे फक्त हमी आणि हप्ता. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात. वर्षानुवर्षांची मैत्री अशी तुटते.

आता आकडे. ४० हजार कर्ज, दोन वर्षांची मुदत. फायनान्सचा दर बहुतेक वेळा २० ते २६ टक्क्यांत असतो. २४ धरला तर महिन्याचा हप्ता साधारण २,११५ येतो आणि दोन वर्षांत व्याज जातं सुमारे १०,७५०. हेच ४० हजार बचत गटामार्फत बँकेचे घेतले, तर महिला गटांना ३ लाखांपर्यंत ७ टक्के दर आहे. हप्ता सुमारे १,७९०, व्याज ३ हजारांच्या आत. फरक ७,७०० च्या वर. म्हणजे लाडकी बहीणचे पाच महिने नुसत्या फरकात गेले. प्रोसेसिंग फी आणि विम्याची कपात वेगळीच.

दुसरी अडचण हंगामाची. आपल्याकडे बाईची मजुरी वर्षभर सारखी नसते. पेरणी-निंदणीला काम, मग कापूस वेचणीला काम. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात जरा बरं असेल. पण पारोळा, अमळनेर, शिंदखेड्याच्या कोरडवाहूत वेचणी संपली की पुढच्या पावसापर्यंत हात रिकामे. आठवड्याचा हप्ता मात्र मार्च बघत नाही की मे. मग एक हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज, दुसरीसाठी तिसरीचं. अशा वेळी दीड हजारांचा आधार वाटतो आणि त्याच भरवशावर आणखी कर्ज उचललं जातं. पण त्या पैशाला अटी आहेत. अडीच लाखांच्या वर उत्पन्न निघालं, घरी चारचाकी निघाली की नाव गेलं. पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून वर्षाला १२ हजार घेणाऱ्या बाईला महिन्याला ५०० च मिळतात. २०२५ च्या शेवटी ई-केवायसीसाठी काय धावपळ झाली, ती सगळ्यांनी पाहिली. निवडणुकीत बोललेले २,१०० धरून तर कोणी हप्ता ठरवूच नये.

ज्यांनी कर्ज घेतलंच आहे त्यांना हे माहीत पाहिजे. एप्रिल २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचे नियम लागू आहेत. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, इतकंच कर्ज कंपनीने द्यायचं. वर्षाचा व्याजदर लिहिलेला कागद बाईला समजेल अशा भाषेत द्यायचा. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन नाही. ठरलेल्या जागी लागोपाठ दोनदा बाई आली नाही, तरच घरी यायचं. आणि मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. हा शेवटचा नियम फार कामाचा आहे, कारण वेचणीच्या दिवसांत चार पैसे जास्त आले की सगळ्यात महाग कर्ज आधी मोडता येतं. सोनं घेण्याआधी हे करावं. जळगावची सुवर्णनगरी कुठे पळून जात नाही.

बचत कुठे ठेवायची, हाही प्रश्न आहेच. जादा व्याजाला भुलून पतसंस्थेत पैसे टाकल्यावर काय होतं, हे जळगावकरांनी बीएचआरच्या वेळी भोगलंय. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. पोस्टाची आरडी महिना १०० रुपयांपासून सुरू होते. ५०० टाकले तर पाच वर्षांत भरणा ३० हजार, सध्याच्या ६.७ टक्के दराने हातात साधारण ३५,६०० येतात. फार नाहीत, पण बुडत नाहीत. खात्याला मोबाईल नंबर मात्र बाईचा स्वतःचा लावा. पैसे पडल्याचा मेसेज नवऱ्याच्या फोनवर जात असेल, तर बचतीच्या गप्पा मारून उपयोग नाही.

गावात बचत गट बंद पडला असेल तर पंचायत समितीत 'उमेद'च्या तालुका कक्षात चौकशी करा. नियमित बैठक, बचत, आपसात कर्ज, परतफेड, वह्या ही पंचसूत्री सहा महिने सांभाळली की गटाला बँकेकडे पहिल्या कर्जाची मागणी करता येते. अखाजीला बसवलेला गट दिवाळीच्या सुमारास बँकेत अर्ज घेऊन जाऊ शकतो, आणि तेव्हा वेचणीची मजुरीही हातात यायला लागलेली असते.