रात्रपाळीवाल्याची झोप
इचलकरंजीच्या यंत्रमागावर रात्रपाळी करून सकाळी कुरुंदवाडला परतणाऱ्या माणसाची झोप उजेडाने मोडते. मिटल्या पापण्यांतूनही उजेड आत शिरतो व झोपेला साहाय्य करणारे मेलाटोनिन शरीरात कमी पडते. अर्धवट झोपेने मागावर उभे राहणे म्हणजे बोटांशी खेळ!

१९७१ च्या युद्धात मुंबईकरांनी खिडक्यांना काळे कागद लावले, ते दिवा बाहेर दिसू नये म्हणून. आपल्याला ऊन बाहेर ठेवायचे आहे. तेव्हा भगिनींनो, घट्ट विणीच्या जाड कापडाला खिडकीच्या बाजूने पांढरे अस्तर लावा. धगही कमी लागेल. पडदा चौकटीहून चारही बाजूंनी वीतभर मोठा घ्या, कारण उजेड शिरतो तो कडांतून. मात्र माणूस उठला की पडदा लगेच सारा. शरीराच्या घड्याळाला किल्ली देतो तो उजेडच.